आपल्यातलेच डोंगरे

प्रतापनगरातले आमचे शेजारी गिरिधरकाका डोंगरे म्हणजे माणसं ओळखण्यातले उस्ताद, निदान त्यांच्या मते. समोरच्याला थेट जात विचारणं त्यांना असभ्य वाटे. ते गाव विचारत, वडील काय करतात ते विचारत, मग बायकोकडे, यमुताईंकडे बघून समाधानानं मान हलवत. कचेरीत उभी हयात हाच उद्योग केला, आणि वर 'आम्ही कधी जातपात मानली नाही' हेही तितक्याच समाधानानं सांगत. मला त्यांचा राग येई. पण अडीअडचणीला पहिला धावून येणारा माणूसही तोच, त्यामुळे भांडवत नसे.

काकांची वरची खोली भाड्यानं घ्यायला म्हणून बघायला पायल आली. आडनाव डोंगरे. आता नागपुरात डोंगरे ब्राह्मणांतही आहेत आणि बौद्धांतही, हे काकांना पक्कं ठाऊक. म्हणून पुढचे प्रश्न झाले. गाव काटोल. वडील कॉलेजात संस्कृत शिकवतात. संस्कृत म्हटल्यावर काकांनी चौकशीच थांबवली.

"आपल्यातलीच आहे," ते यमुताईंना म्हणाले.

मग पायलचं सगळंच त्यांना आवडू लागलं. ती स्पष्ट बोले, ती शुद्ध वाणी. डबा परत करताना रिकामा देत नसे, ते घराण्याचं वळण. काकांना मुलगी नव्हती. संध्याकाळी तिच्याशी गप्पा झाल्याशिवाय त्यांना चहा गोड लागेना.

दसऱ्याआधी पायलनं विचारलं, "काका, माझी आजी दीक्षाभूमीला येतेय. रात्री माझ्याकडे राहिली तर चालेल ना?"

पायल बौद्ध आहे, हे काकांना त्या क्षणी कळलं. मग कौतुक केल्यासारखं म्हणाले, "अगं, पण तू तशी वाटत नाहीस हं!"

"कशी, काका?"

"राहू दे आजीला," काका एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून मुलगी तीच, डबा तोच, अर्थ मात्र फिरले. स्पष्ट बोलणं आता आगाऊपणा झालं, डब्यातला चिवडा म्हणजे छाप पाडायची धडपड. शेवटी ठरलं, भाचा अर्णव शिकायला येतोय असं सांगून खोली रिकामी करून घ्यायची. खरं तर येत कुणीच नव्हतं.

"तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून निघायचं नाही," यमुताई म्हणाल्या.

दसऱ्याला संध्याकाळी मी सोनं द्यायला गेलो, तेव्हा काका व्हरांड्यात तेच वाक्य जुळवत बसले होते. तेवढ्यात पायल आजीला, तुळसाबाईंना घेऊन आली. पांढरं लुगडं, धुळीनं भरलेले पाय. आजी फाटकावरच्या पाटीपाशी थांबल्या, एकेक अक्षर लावत नाव वाचलं आणि त्यांचा शीणच उतरला.

"पोरी, सांगतलं नाही तू मले! हे तं आपलेच निघाले!" सरळ येऊन त्यांनी काकांचे हात धरले. "भाऊ, कोन्या गावचे तुम्ही? जाऊन आले का दीक्षाभूमीवर?"

जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या काकांचा चेहरा लाल झाला.

"नाही... आम्ही... आम्ही ब्राह्मण."

आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग समजूत घालावी तसं हातावर थोपटत म्हणाल्या, "असू द्या, भाऊ. तुम्ही तसे वाटत नाही बिलकुल."

मला हसू आलं नाही, काकांच्या वतीनं लाजच वाटली. 'कसे?' असं त्यांच्या ओठांवर आलं असावं, कारण त्यांनी पायलकडे पाहिलं आणि तिथंच थांबले.

"अगं, आजींना चहा टाक," शेवटी ते यमुताईंना म्हणाले.

ही गोष्ट मागच्या दसऱ्याची. भाचा अजून आलेला नाही.