गिऱ्हाइकाच्या जागी आपला नंबर

सावली गावात मिथुन खोब्रागडेला लोक 'सीए साहेब' म्हणायचे. तो हात जोडायचा. "सीए नाई बाबा. मी हिशेब लिहितो." बी.कॉम. झाल्यावर त्याने बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकलं. भातगिरणीवाले, किराणावाले, पंचायतींना माल पुरवणारे लहान ठेकेदार, सगळ्यांचं जीएसटीचं काम तोच करायचा. डोक्यावर साहेब नव्हता. याचाच त्याला अभिमान होता.

चंद्रपूरचे धनराजभाऊ जुने करसल्लागार, तिथल्या हिशेबनीसांच्या संघाचे चिटणीस. दर वर्षी त्यांचा फोन यायचा.

"सदस्य हो ना बे आता."

"भेटते काय पण, भाऊ?"

"बैठक राह्यते. नवे नियम कळतात. अडला तर चार माणसं उभी राह्यतात."

"अन् शाल घेतलेला फोटो."

"शाल तुले कोण देऊन राह्यलं रे? सतरंजी उचलाले बोलावतो."

दोघेही हसायचे. बैठकीला जायचं म्हणजे दिवसभर दुकान बंद. बायको रिना एकदा म्हणाली, "जाऊन तर पाहा." तो म्हणाला, नियम मोबाइलवर फुकट दिसतात. तेही खरंच होतं.

पत्रू मडावी त्याचं गिऱ्हाईक. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलात त्याचं गाव. तो पंचायतींना कुंपणाचे बांबूचे ताटवे पुरवायचा. बिल द्यायचं तर जीएसटीची नोंदणी हवी. पण गावात टॉवर नाही. ओटीपी यायचा तेव्हा पत्रू रानात असायचा. "तुयाच नंबर टाक ना, भाऊ," तो म्हणाला. मिथुनने टाकला. ईमेलही स्वतःचाच दिला. जंगलातल्या सगळ्याच गिऱ्हाइकांचं तो असं करायचा. त्याला ती मदत वाटायची.

धानकापणीच्या दिवसांत, भर दुपारी, मोबाइल वाजला. न मागितलेला ओटीपी. पाठोपाठ फोन.

"पत्रूमामाचा जावई बोलतो, गडचांदूरहून. नंबर आला असेन पाहा. मामाचंच काम हाये."

जावयाला उलट कोण विचारतं? मिथुनने आकडे वाचून दाखवले. पुढे फोन येत राहिले. तो सांगत राहिला.

महिनाअखेरीस पत्रूचं विवरणपत्र भरायला बसला, तर पासवर्ड चालेना. त्याने नवा घेतला आणि खातं उघडलं. आत ताटव्यांचं एकही बिल नव्हतं. सिमेंटची होती. ट्रकच्या ट्रक, नागपूरला, हैदराबादला. पत्रूने आयुष्यात सिमेंटची एक गोणी विकली नव्हती. कोणीतरी कर बुडवायला त्याच्या नावाने खोटी बिलं फाडली होती. प्रत्येक वेळी ओटीपी सांगून दार मिथुननेच उघडून दिलं होतं.

जावयाचा फोन बंद. पत्रूला त्याने सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती निरोप धाडला. मग चंद्रपूरला फोन लावला. सगळं ऐकून धनराजभाऊंनी आधी एकच विचारलं.

"नंबर तुया टाकला होता?"

"सगळेच टाकतात ना, भाऊ."

"टाकतात. संघातलेही टाकत. दोघं अडकले. तवापासून पहिल्याच बैठकीत सांगतो, गिऱ्हाइकाच्या जागी आपला नंबर नाई टाकाचा."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"कवा सांगू? तू आला कवा?"

"आता होतो सदस्य. आजच."

"चौकशीच्या तोंडावर संघ नवा माणूस घेत नाई. घेतला असता तरी वाचवला असता असं नाई सांगत. पण सोबत आलो असतो. लेखी तक्रार आजच पाठव. अन् जीएसटीवाल्यायचा फोन आला तर एकटा बोलू नको. मी दुपारी निघतो. संघाकडून नाई. मीच."

तक्रार त्याने लगेच पाठवली.

दुपारच्या बसने पत्रू आला. बाकावर बसला. मिथुनने समजावून सांगितलं. त्याला एवढंच कळलं, की जावयाने काहीतरी केलं.

"पोरीले त्रास होईन काय, भाऊ?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. नागपूरचा नंबर. धनराजभाऊ अजून यायचे होते. मिथुनने वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजला, तेव्हा उचलला.

"जीएसटी ऑफिसमधून बोलतोय. पत्रू मडावी बोलता का?"

समोर पत्रू बशीत ओतलेला चहा फुंकत होता. राँग नंबर म्हटलं, तर हे लोक थेट त्याच्या दारात जाणार होते. त्याला सहीपलीकडे काही लिहिता येत नव्हतं.

"नाही," मिथुन म्हणाला. "पण नंबर माझाच आहे. मी त्यांचे हिशेब लिहितो."

"सीए आहात?"

"नाही."

"कुठल्या संघटनेचे सदस्य?"

"कुठल्याच नाही."

पलीकडे कोणीतरी कोणाला तरी ते शब्द हळूच सांगितले. मग दुकानाचा पत्ता विचारला. त्याने दिला.

"तिथेच थांबा. गाडी मूलच्या पुढे आलेली आहे."

फोन कटला. पत्रूने बशी खाली ठेवली.

"जाऊ काय मंग मी? सांजची गाडी हाये."

"नको," मिथुन म्हणाला. "तुलेही इचारतील."