दोन नारळांची विहीर

मुलांनो, गेल्या खेपेला फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू नगरपालिकेत मेंबर होतीस तेव्हा नेमकं काय केलंस?" मी शिस्तीत सगळं सांगितलं. गटारं, रॉकेलचे दिवे, मुलींच्या शाळेची कौलं, बंदराकडे उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या. फोन ठेवल्यावर वाटलं, विहिरीचं सांगायला हवं होतं. ती गोष्ट ठाऊक असलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीत मोडत होतो. मी मुंबईला बी.ए. होऊन लग्नानंतर मालवणात आले आणि हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. पुढे नगरपालिकेत एक बाई हवी म्हणून मला घेतलं. वाडीत मी आधी मास्तरीण होते, मग मेंबरीण झाले.

आमची वाडी समुद्राला लागून, त्यामुळे विहिरींचं पाणी मचूळ. भात शिजवला तरी चव उतरायची. पिण्याचं पाणी आणायला बायका देवळाकडचा चढ चढून तिथल्या विहिरीवर जात. माझ्या शेजारची वयनी, म्हणजे वहिनी, त्यांतलीच. माझ्याहून थोडी मोठी, बोलायला फटकळ. तिची सासू आजारपणात गोड्या पाण्यासाठी तळमळली होती, ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. घरामागे त्यांच्या मालकीचा उंचावरचा एक तुकडा होता. तिनेच नवऱ्याच्या आणि दिराच्या मागे लागून तो विहिरीसाठी नगरपालिकेला देववला. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. ती म्हणाली, "मेंबरणी, बाव खण. पयली कळशी माझी."

दोन उन्हाळे काम चाललं. कातळ फोडावा लागला. शेवटी पाणी लागलं आणि ते गोड निघालं. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

कोकणात नवी विहीर वापरायला घेण्याआधी जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या रक्षक देवाला, नारळ देतात आणि गाऱ्हाणं घालतात, म्हणजे मोठ्याने त्याची प्रार्थना करतात. तो नारळ कुणी फोडायचा, हे ठरलेलं असतं. त्याला मान म्हणतात. मानावरून आमच्याकडे देवळं बंद राहिलेली आहेत. वाडीतला मान समोरच्या घराचा, पिढ्यान् पिढ्यांचा. वयनीचा दीर म्हणाला, जागा आमची, नारळ आमचो. समोरचे म्हणाले, जागा दिलास म्हणून देव दिलास काय? सभेत ठराव करून असला प्रश्न सुटत नाही. मी दोन्ही घरी जाऊन चहा पिऊन आले. पाणी भरलेली विहीर पावसाळाभर तशीच झाकून राहिली.

तोड वयनीने काढली. "नारळांक काय दुकाळ पडलो आसा? दोघांनी दोन फोडा, येकाच वेळी." सगळ्यांना पटलं. मलाही फार पटलं.

ठरल्या दिवशी नगराध्यक्ष आले. विहिरीच्या काठावर दोन दगड मांडले. एका बाजूला समोरचे म्हातारे, दुसऱ्या बाजूला वयनीचा दीर. वयनी नवी दोरी आणि घासलेली कळशी घेऊन बायकांत पुढे उभी होती. गाऱ्हाणं झालं. नगराध्यक्षांनी तीन म्हणताच दोघांनी नारळ आपटले. म्हाताऱ्यांच्या नारळाची सरळ दोन शकलं झाली. दिराचा नारळ दगडावरून निसटला आणि अख्खाच घरंगळत गेला. त्याने तो उचलला, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "नारळाकपण कळता, मान कोणाचो तो."

लोक हसले. मीही हसले असते, पण मला दिराचा चेहरा दिसत होता. त्याने तो नारळ तसाच काखोटीला मारला आणि तो घराकडे चालू लागला. वयनीचा नवरा त्याच्या मागे गेला. वयनी थोडा वेळ थांबली. मग तीही गेली, रिकामी कळशी घेऊन.

त्या घराने या विहिरीचं पाणी वर्ज्य केलं. पंधरा दिवसांनी मी एक कळशी भरून तिच्या मागच्या दारी गेले.

"घे," मी म्हटलं. "पहिली नसली तरी तुझीच आहे."

"पाण्यार माझो राग नाय गो," ती म्हणाली. "घरातल्या पुरुषांनी नको म्हणान सांगल्यानी. मी घेतलंय तर रोज भांडाण. तू मेंबरीण, गावाक पाणी दिलंस. आमच्या चुलीपर्यंत तुझी नगरपालिका येवची नाय."

ते खरं होतं. मी कळशी परत आणली. पुढे माझी मुदत संपली, पुन्हा मेंबर व्हायला मी नकार दिला. घरच्यांनी कारण विचारलं तेव्हा शाळेचं निमित्त सांगितलं. वयनी रोज माझ्या दारावरून देवळाच्या चढाकडे जायची, डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक कळशी. वाटेत नव्या विहिरीवरच्या बायका तिला हाक मारायच्या, तीही थांबून दोन शब्द बोलायची. आमचं बोलणं कधी तुटलं नाही, पाण्याचा विषय मात्र निघाला नाही. गुडघे धरले तसा तिला तो चढ चढायला फार वेळ लागू लागला. ती वारली तोपर्यंत नवरा, दीर आणि समोरचे म्हातारे तिघेही जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती त्या विहिरीवर कधी पाणी भरायला गेली नाही. तोवर ते पाणी कुणाच्या शब्दाखातर वर्ज्य होतं, हे मला कळत नाही.

विहीर अजून आहे. मे महिन्यातही तिला पाणी असतं. वयनीच्या नातवाने विहिरीवर पंप बसवला आहे, आणि त्या घरात आता तेच पाणी पितात.