काळे पडलेले पैंजण पाहिजेत!

मंडळी, आज हुपरीत माझं संशोधन प्रयोगशाळेत पोचायच्या आधीच धुऊन निघालं!

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. चांदी काळी का पडते, यावर माझं काम चालू आहे. आता या प्रकल्पाला जादा निधी मिळालाय. दोन महिने सरकारी प्रयोगशाळेत राहून तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर काम करायचं. उद्या निघायचंय.

सोबत न्यायला वापरून काळे पडलेले पैंजण हवे होते. हुपरी म्हणजे चांदीच्या दागिन्यांचं गाव, तिथल्या माझ्या मावशीच्या घरातच पैंजणांचा कारखाना. तिला म्हटलं, शेजारणींकडून गोळा करून ठेव.

आज गेले, तर तिनं ताट पुढं केलं. सगळे पैंजण आरशासारखे लख्ख!

"मावशी, हे काय केलंस?"

"रिठ्याच्या पाण्यात घासलो की! सरकारी लॅबात काळी चांदी धाडू व्हय? हुपरीचं नाव जातंय!"

मी कपाळावर हात मारून खालीच बसले. तेव्हा मावशीच्या पायांकडं लक्ष गेलं. गावाचे पैंजण उजळणाऱ्या बाईचे स्वतःचे पैंजण कोळशासारखे काळे!

मागितल्यावर ती लाजली. "माझं घासायला सवड कुठं हाय?" मग काढून दिले. "पर सायबांना माझं नाव सांगू नको."

डबीवर मी ठळक लिहिलंय, 'मावशी'.

तुमच्या घरात सगळ्यांचं लख्ख करणारी जी कोण असेल, तिच्या पायांकडं आज एकदा बघाल का? काय बघतोस म्हणाली तर सांगा, संशोधन चालू हाय.