जावेचं मांजरकान

माझं लग्न होऊन मी मालवणला आले तेव्हा आमचे हे परदेशी बोटीवर नोकरीला होते. वर्षभर समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी, असा त्यांचा संसार. घरात सासूबाई, मी आणि माझी मोठी जाऊ. तिला मी बाय म्हणत असे. थोरले दीर मुंबईला गिरणीत होते, ते चतुर्थीला तेवढे यायचे. बाय या घरात आली तेव्हा हे लहान पोर होते. तिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. हे सगळं मला माहीत होतं, आणि त्याबद्दल तक्रार करायचं काही कारण नव्हतं.

लग्नानंतर हे पहिल्यांदा सुटीवर आले ते फाल्गुनात. मला नायलॉनचं पातळ आणि पावडरीचा डबा आणला. बोटीवरच्या सगळ्याच माणसांच्या बायकांकडे तसं पातळ होतं. बायसाठी मात्र त्यांनी आणलं होतं एक झाड. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरात एका म्हातारीकडून घेतलेलं, पत्र्याच्या डब्यात लावलेलं, आपल्या बनियनमध्ये गुंडाळून मांडीवर सांभाळत आणलेलं. माझं पातळ पेटीत, कपड्यांच्या तळाशी चुरगळून आलं होतं.

झाड वीतभरही नव्हतं. पानं जाड, गुबगुबीत, आणि त्यांच्यावर पांढुरकी मऊ लव. कडांना काजळाचं बोट टेकवल्यासारखे तपकिरी ठिपके. बाय म्हणाली, "अरे, ह्यां मांजराचे कान!" तेच नाव पडलं.

सासूबाईंनी विचारलं, "ह्येची भाजी होता?"

"नाय गो आये, नुसतां बघूचां," हे म्हणाले.

मग ती दोघं बघतच बसली. माजघराच्या खिडकीत, गजांच्या आत, डबा ठेवला. सकाळी चहा झाला की हे आणि बाय खिडकीपाशी. नवीन पान येतंय का, डबा फिरवायला हवा का, माती सुकली का. त्या म्हातारीने यांना खुणांनी सांगितलं होतं म्हणे, पाणी बुंध्याशीच घालायचं, पानांवर थेंब पडू द्यायचा नाही, आणि माती कोरडी ठणठणीत झाल्याशिवाय घालायचंच नाही. मी तिकडे गेले की बाय म्हणायची, "हात ओले नाय मा तुझे?" माझे हात कायम ओलेच असायचे. घरातली भांडी कोण घासत होतं?

सुटी संपवून हे गेले. त्यांच्या मागे मला वाटायचं, सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. एके दुपारी बाय विहिरीवर गेलेली बघून मी हात पदराला खसाखसा पुसले आणि एका पानावरून बोट फिरवलं. तान्ह्या पोराच्या कानाच्या पाळीसारखं लागलं. त्यानंतर माझा हेवा कमी व्हायच्याऐवजी वाढला. आता ते मलाही हवं होतं.

मी सरळ मागितलं. "बाय, माका एक पान द्या. लावून बघतंय."

"तुका जगवूक जमाचां नाय," ती म्हणाली. रागाने नाही, मीठ कमी आहे म्हणावं तसं.

पावसाळा आला. आमच्याकडे आषाढात चपलांना बुरशी येते, मिठाचं पाणी होतं. मला वाटलं, आता हे झाड कुजणार. बायने डबा खिडकीतून काढून चुलीच्या खोलीत उबेला ठेवला. धूर लागू नये इतका लांब. उघडीप पडली की दारातल्या उजेडात आणायची आणि परत आत. पाणी जवळजवळ बंदच. झाड जसंच्या तसं राहिलं. त्या दिवसांत एक पान आपसूक गळून पडलं. मी ते उचललं, करवंटीत किनाऱ्यावरची वाळू भरून खोचलं, आणि रोज प्रेमाने पाणी घातलं. आठवडाभरात त्याचा चिखल झाला. बायने करवंटी पाहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर दिरांचं बोलावणं आलं. परळला खोली मिळाली होती. इतक्या वर्षांनी बाय नवऱ्याजवळ राहायला निघाली. मला त्याचाही हेवा वाटला. माझा नवरा कुठल्या समुद्रात होता देव जाणे. वाटलं, निदान झाड तरी ठेवून जाईल. पण मुंबईच्या बोटीपर्यंत न्यायला पडाव, ती छोटी होडी, किनाऱ्याला लागला, त्यात ती बसली तेव्हा डबा तिच्या मांडीवर होता. सासूबाई रडत होत्या. मी डब्याकडे बघत होते.

पुढच्या वैशाखात हे आले. आधी मुंबईला उतरून चार दिवस भावाकडे राहिले होते. आले ते हातात तोच डबा घेऊन. पण झाड ओळखू येईना. लांबलचक, काटकुळं, मान वाकवलेलं. खालची पानं सगळी गळून गेलेली.

"वयनीच्या खोलयेत उजेड नाय," हे म्हणाले. "म्हणाली, हयसर मरतलां, तिका नेऊन दी."

मरायला टेकल्यावर माझी आठवण झाली, असं मी मनात म्हटलं. पण डबा खाली ठेवला नाही.

या वेळी मी घाई केली नाही. शेंडा कोयतीने कापला, दोन-तीन दिवस सावलीत तसाच टाकून चीर सुकू दिली. ओढ्याची वाळू आणली, ती धुतली, तिच्यात कौलाचा चुरा आणि मूठभर राख मिसळली. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, हे मागच्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शेंडा दुसऱ्या डब्यात लावला, आणि हात आवरून बसले. तेच सगळ्यात कठीण होतं. यांनी विचारलं, "पाणी नाय घालूचां?" मी म्हटलं, "तुमी तुमची बोट सांभाळा." शेंड्याने मूळ धरलं. उरलेल्या खुंटालाही दोन बारीक कान फुटले.

हे पावसाआधीच गेले. चतुर्थीला बाय आली. पिशवी ओसरीवर टाकून, सासूबाईंच्या पायाही न पडता ती सरळ माजघराच्या खिडकीशी गेली.

"माझां झाड बरां आसा गो!"

मला राहवलं नाही. "तुमचां कसला? तुमी धाडलास तेव्हा नुसती काठी होती. आता तां माझां."

ती खिडकीकडेच तोंड करून म्हणाली, "तुझां लग्न होईसर तो बोटीवरसून इलो की आपली पेटी माझ्यासमोर उघडी. कोणाक काय हाडलां तां मीच वाटी. त्या खेपेक पेटी तुझ्या खोलयेत गेली. माका ह्यां झाड गावलां. मगे तांच धरून बसलंय."

पेटी कुठल्या खोलीत उघडली याचा कुणी हेवा करू शकेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तिच्यासाठी चहा टाकला. ती चुलीपुढे येऊन बसली आणि शेंडा कसा कापला, चीर किती सुकू दिली, सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. थोडं चढवूनच सांगितलं.

गौरी-गणपती गेले. मुंबईला परतायच्या सकाळी दोन्ही डबे तिने पाहिले, पण उचलला एकही नाही. उंबऱ्यातून वळून म्हणाली, "पाणी थोडांच घाल हां."

"माका ठावक आसा," मी म्हणाले.

"तुका ठावक आसा, तां माका ठावक आसा," ती म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली. माहीत असूनही सांगितलंच, याचा माझा राग संध्याकाळपर्यंत काही गेला नाही.