ड्रममधली बाळंतीण

आमच्या घरात दोन मांजरं आहेत आणि त्यातलं एकही मी आणलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्यापायी होणारा मनस्ताप मात्र माझ्या एकटीच्या वाट्याला येतो. भुरीला नवऱ्यानं औरंगपुऱ्यातून भाजीच्या पिशवीत घालून आणलं. बोका आपला आपण आला, म्हणजे भुरीच्या मागं. त्यानं येताक्षणी स्कूटरचं सीट फाडलं. भुरीला इस्त्रीचे कपडे सोडून दुसरीकडे बसवतच नाही. ओरडलं की डोळे मिटून घेते. नवरा म्हणतो, "लई जीव हाय तिचा तुझ्यावर." जीव कसला, डोक्यावर बसलीय नुसती!

हे सगळं मी सोसलं, पण पाण्याचं मला सोसवत नाही. पुंडलिकनगरात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, कधी त्याहून उशिरा. आदल्या दिवशी मी मोठ्या निळ्या ड्रममधलं उरलंसुरलं पाणी झाडांना घालते, ड्रम घासते आणि मोरीजवळ आडवा करून वाळत ठेवते. त्या एका ड्रमवर आमचा आठवडा निघतो. या गल्लीत आल्यापासून मी कुणाच्या दारात पाण्यासाठी बादली घेऊन गेले नव्हते. याचा मला ताठा होता, आणि का नसावा?

त्या दिवशी सकाळी ड्रम उभा करायला गेले, तर आतून गुरगुर ऐकू आली. वाकून बघितलं. आत भुरी आडवी, तिच्या पोटाशी चार ओलसर पिलं, आणि सगळ्यांच्या खाली दोरीवरून ओढून नेलेला माझा चांगला सुती गाऊन. तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "नळ आला!"

मी खोकं आणलं, त्यात जुनी चादर घातली आणि ड्रममध्ये हात घातला. भुरीनं असा पंजा मारला की मनगटावर रक्त आलं.

"आई, हात नको लावू," मुलगी किंचाळली. "माणसाचा वास लागला तर टाकून देती ती पिलांना."

"अगं, मग पाणी कशात भरू? तुझ्या दप्तरात?"

"राहू दे की," नवरा दारातून म्हणाला. "बाळंतीण हाय ती. आज तिला कुठं उठवतीस?"

मला इतका संताप आला की रडूच फुटायचं बाकी होतं. हंडे, बादल्या, पातेली, कुकर, मुलीचा लहानपणचा टब, सगळं भरलं. ड्रम भरायच्या वेळेला मी त्याच्यासमोर हातात पाइप धरून नुसती उभी. मग नळ सूं सूं करून गेला.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी एकेक पिलू मानेला धरून उचललं आणि नवऱ्याच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात नेऊन ठेवलं. ड्रम मोकळा केला, आता, नळ गेल्यावर! मी त्या रिकाम्या ड्रमला एक लाथ घातली.

पुढच्या पाण्याआधीच घरातली भांडी कोरडी पडली. टँकरवाला उद्याचं बोलत होता. शेवटी बादली घेऊन समोरच्या काकूंचं दार वाजवलं. लाजेनं कान गरम झाले होते.

"काय गं, तुझ्याकडं नळ आला नव्हता का?"

मोटर बिघडली असं सांगायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं भलतंच. "आला होता. ड्रममधे मांजर बाळंत झाली."

काकू इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या गॅलरीतून दोन डोकी बाहेर आली. बादली भरून देताना म्हणाल्या, "मग तिला बी पाणी लागंलच की. कळशी पण घेऊन ये."

घरी येऊन बादली खाली टेकवली आणि झाकण आणायला आत गेले. परत आले तर भुरी मागच्या पायांवर उभी, पुढचे पाय बादलीच्या काठावर, आणि तोंड थेट पाण्यात. मागून आणलेल्या पाण्यात! मी मारायला हात उगारला. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. पिलांनी ओढून ओढून तिचं पोट पार आत गेलेलं, बरगड्या दिसत होत्या, आणि ती नुसती पीत होती.

उगारलेला हात खाली आला. तिचं पिऊन होईपर्यंत मी तिथंच थांबले. मग कळशी उचलली आणि पुन्हा काकूंचं दार वाजवायला गेले.