वेराचे दोन पासपोर्ट

"तू कुठली?" असं कुणी विचारलं, की वेरा करंगळीचं नख पुढे करायची. "नकाशावर माझा देश एवढाच. म्हणून येणारा-जाणारा त्यावर बोट ठेवतो."

देश मोल्दोवा, पूर्वी सोव्हिएत संघातला. तो स्वतंत्र झाला तेव्हा नदीपलीकडची एक पट्टी त्याच्यापासून तुटली. तिथे अजून रशियन सैनिक आहेत, आणि तिथेच वेराची म्हातारी आई राहायची. आमच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात वेरा करार तपासायची. टीव्हीवर शिखर परिषद दिसली की म्हणायची, "मोठी माणसं हस्तांदोलन करायला लागली, की आमची आई सरपण भरून ठेवते."

एका रविवारी ती, आमच्याच ऑफिसातली मेलिंग आणि मी पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. नारळपाणी पिताना वेरा हळूच म्हणाली, तिच्याकडे मोल्दोवाचा पासपोर्ट आहे, तसा रशियाचाही आहे. नदीपलीकडे पुष्कळांकडे असतो. "पासपोर्ट छत्रीसारखा असतो, जोशी. पाऊस ज्या बाजूने येईल तिकडे धरायचा. पण कुणाला बोलू नका हं."

पुढे युक्रेनचं युद्ध पेटलं. मुख्य कार्यालयाने आम्हा विभागप्रमुखांना फॉर्म पाठवला : तुमच्या हाताखाली कुणाकडे रशियन नागरिकत्व आहे का? तो रकाना मी रिकामा सोडू शकलो असतो. पण फॉर्मवर एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, हे आमच्या घरचं वळण. खरं सांगायचं तर वळणाचं निमित्त झालं. माझा स्वतःचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज अडकला होता आणि मी घाबरलो होतो. मी वेराचं नाव लिहिलं.

तिचा नोकरीचा करार वाढवला नाही. त्यामुळे इथे राहायचा पासही रद्द झाला. महिनाभरात देश सोडायचा होता. शेवटच्या दिवशी तिने मला जिन्यात गाठलं. "मेलिंगनेच सांगितलं. माहीत होतं तुम्हा दोघांनाच, आणि तू काही तसला नाहीस."

मी म्हणालो, "जाऊ दे आता."

एवढंच म्हणालो.

ती आईकडे परतली. एका हिवाळ्यात राजधान्यांच्या भांडणात त्या पट्टीचा गॅस बंद झाला. तिने मला लिहिलं, "आईची चूल पेटते आहे, म्हणून शेजारच्या चार म्हाताऱ्या आमच्याकडेच झोपतात. मी जमिनीवर." महिन्याभराने तिच्या शेजारणीचा निरोप आला : न्यूमोनिया. वेरा गेली, आई आहे.

दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या त्या मंडईत, जेवताना मेलिंगला ते सांगितलं. ती म्हणाली, "नऊ वर्षं रोज एकत्र जेवलो. जाताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी काय केलं होतं?"

"तू काही नाही केलंस," मी म्हणालो. "तिला वाटलं, तू सांगितलंस. मी सांगितलं होतं."

मेलिंगने विचारलं, "तिला हे माहीत होतं?"

"नाही."

तिने अर्ध्या जेवणाचा ट्रे उचलला, रांगेत उभं राहून उष्ट्या ट्रेंच्या रॅकवर ठेवला, हात धुतले, आणि टेबलाकडे न येता निघून गेली.