दिवे गेले तेव्हा कोण बोललं?

"तू ये. या वेळी नाही जमलं, तर नाटक कायमचं बंद," मोठी बहीण मंगलताई फोनवर म्हणाली आणि मी मुकाट्याने बॅग भरली. भाऊजी गेल्यानंतरचा तिचा हा पहिला प्रयोग. नवराबायकोची दोनपात्री एकांकिका, इतकी वर्षं ते दोघंच करायचे. आता नाटकातला नवरा झाला होता त्यांच्याच गटातला सतीश.

पुण्याहून नाशिकला एसटीने जाणार असाल तर पहाटेचीच धरा. चाकणच्या ट्रॅफिकने माझं डोकं उठवलं होतं, सिन्नरला चहा पोटात गेल्यावर कुठे माणसात आले. नाशकात रिक्षावाल्याने इंदिरानगरचं भाडं सांगितलं तेव्हा म्हटलं, "दादा, रिक्षा विकत नकोय, नुसतं बसायचंय!" हसला बिचारा आणि मीटर टाकला.

नाट्यगृह म्हणजे कॉलनीचं समाजमंदिर. तिकीट नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेर गरमागरम वडापाव. लवकर जा, पुढच्या रांगा आजोबामंडळी रुमाल टाकून अडवतात. माझ्या शेजारी दिंडोरीचे एक काका होते. त्यांची मुलगी पहिल्या एकांकिकेत होती. "लय भारी करती पोर, बघाच," म्हणाले, आणि खरंच तिने धमाल केली.

तिसरी ताईची. ती दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा ती गप्पच झाली आणि नेमके तेव्हाच दिवे गेले. पंखे थांबले. मिट्ट काळोख.

त्या काळोखात पुरुषाचा आवाज आला, "मंगल, चहा निवतोय गं."

"आले, आले. तुम्हाला मेला धीरच नाही!" ताई म्हणाली, अगदी घरात बोलते तशी.

लोक हसले. मी मात्र सतीशवर चिडले. अरे, नाटकातल्या बायकोचं नाव शालिनी आहे!

दिवे आले. ताई रिकाम्या खुर्चीपुढे कप धरून उभी होती आणि सतीश पार पलीकडच्या विंगेपाशी, घामाघूम. पुढे ताई एकदाही अडखळली नाही. टाळ्या थांबेनात.

आत गेले तर सतीशने मला दारातच गाठलं. "आईशप्पथ, मी तोंडच उघडलं नाही."

ताई शांतपणे गजरा सोडत होती. "हे दर प्रयोगाला तिथेच चुकायचे. शालिनी म्हणायचं सोडून मंगल."

मी तिच्याजवळ सरकले. "ताई, भीती नाही वाटली?"

"कुणाची? नवऱ्याची?"

पुण्यात परतून आता आठवडा झाला. प्रेक्षकांतलंच कुणीतरी बोललं असेल, असं मी स्वतःला समजावते आणि दिवा चालू ठेवून झोपते. पण ताईसाठी जीव तुटतो.

काल तिचा फोन आला. पुढच्या प्रयोगाआधी समाजमंदिरात इन्व्हर्टर बसवतायत म्हणे.

"बरं झालं की," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मग मी नाही करत प्रयोग."